डाव्या पानावरचा क्ष

८ + ४ = ☐ + ५. चौकटीत किती?

इंग्लंडातल्या सातवीत, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांपुढे, मी पहिल्या तासाला हा प्रश्न ठेवते. बीजगणिताचं नावही काढत नाही. प्रत्येकाच्या हातात एक छोटी पांढरी पाटी असते. ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्या पाट्या वर होतात आणि बऱ्याच पाट्यांवर १२ असतात. काहींनी दिसेल ते सगळं मिळवून १७ केलेले असतात. ७ लिहिणारे मोजकेच, आणि ते नेहमी पाढ्यांत हुशार असलेलेच असतात असंही नाही. अमेरिकेत थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न शाळाशाळांत विचारून १९९९ साली त्यावर लिहिलं, तेव्हाही १२ आणि १७ हीच उत्तरं गाजली होती. या मुलांना बेरीज उत्तम येते. पण सहा वर्षं त्यांनी बरोबरचं चिन्ह ‘झालं, आता उत्तर लिही’ या एकाच अर्थानं पाहिलेलं असतं. त्या मुलांना थेट ३क्ष + ५ = २क्ष + ९ दिलं, तर ती उत्तर लिहायची जागा शोधत बसतात.

मी रीडिंगमध्ये शिकवते. टेम्स आणि केनेटच्या संगमावरचं हे गाव एकेकाळी हंटली अँड पामरच्या बिस्किटांसाठी ओळखलं जायचं. आता मायक्रोसॉफ्ट, ओरॅकलसारख्यांच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांच्या मागोमाग आलेली पुण्या-नागपूरकडची कुटुंबं लोअर अर्ली, वुडली या बाजूला राहतात. गावात निवड परीक्षा घेणाऱ्या दोन शाळा आहेत, मुलांची रीडिंग स्कूल आणि मुलींची केंड्रिक. त्यांच्यापायी मराठी घरांत चौथी-पाचवीपासून शिकवण्या सुरू होतात. माझी शाळा त्यांतली नव्हे. आमच्याकडे येईल त्याला प्रवेश. वर्गात नेपाळी गुरखा कुटुंबांतली मुलं आहेत, आजी-आजोबा बार्बेडोसहून आलेली आहेत, पोलिश आहेत, आणि दोन-तीन आपलीही. इथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात २०१४ पासून बीजगणित सहावीतच डोकावतं, त्यामुळे अक्षर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते काय आहे याबद्दल मात्र प्रत्येकाचं मत वेगळं.

ते मत कागदावर यावं म्हणून मी वहीची एक पद्धत वापरते. इथे तिला इंटरॅक्टिव्ह नोटबुक म्हणतात. मूळची अमेरिकेतली, आणि गंमत म्हणजे गणिताची नव्हेच. ‘हिस्टरी अलाइव्ह’ नावाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून ती पसरली. उजवं पान शिक्षकाचं: व्याख्या, सोडवून दाखवलेलं उदाहरण, चिकटवलेली पट्टी. डावं पान विद्यार्थ्याचं. उजवीकडच्या गोष्टीचं त्याने काय केलं ते तिथे येतं, स्वतःच्या शब्दांत, चित्रात, रचलेल्या गणितात. डायना झाइक या शिक्षिकेने लोकप्रिय केलेल्या कागदी घड्यांची त्यात भर पडली. वर झडप, झडपेवर ‘सहगुणक’, उघडली की आत अर्थ आणि उदाहरण.

या झडपांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. कात्री आणि ग्लू स्टिक हातात आली की तासाचा तिसरा हिस्सा गेलाच समजा. ग्लू स्टिकची टोपणं तर कुठे जातात देव जाणे. शिवाय सुबक कापलेली, रंगवलेली झडप पाहून पालक आणि तपासणीला आलेले साहेब खूश होतात, आणि ती बनवताना मुलाने सहगुणकाचा क्षणभरही विचार केलेला नसतो. आता मी पट्ट्या आधीच कटरवर कापून आणते. उजवं पान दहा मिनिटांत आटोपतं आणि वेळ डाव्या पानाला मिळतो.

बरोबरच्या चिन्हाच्या उजव्या पानावर मी रॉबर्ट रेकॉर्डच्या पुस्तकातल्या ओळीची छायाप्रत लावते. या वेल्श वैद्याने १५५७ साली ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’मध्ये हे चिन्ह प्रथम छापलं. ‘च्या बरोबर’ असं दरवेळी लिहून तो कंटाळला होता. दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काही नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या रेघा आजच्यापेक्षा कितीतरी लांब आहेत आणि मुलांना त्या भारी आवडतात. डावीकडे त्यांनी स्वतःची बरोबरची विधानं करायची, अट एकच: एकटी संख्या कुठल्याच बाजूला नको. ७ + ५ = ६ × २ अशी पानभर विधानं येतात. ३ + ४ = ७ × २ = १४ असं एखादं सापडलं की मी ते फळ्यावर घेते, नाव न सांगता. वर्ग त्यावर तुटून पडतो.

मग अक्षर. फळ्यावर इंग्रजी अक्षर असतं, इथे मी आपल्या सवयीचा क्ष वापरते. सुरुवात मनातल्या संख्येच्या खेळाने होते. संख्या धरा, दुप्पट करा, ६ मिळवा, निम्मे करा, मूळ संख्या वजा करा. सगळ्यांचं ३. ‘मिस, तुम्हाला कसं कळलं?’ डाव्या पानावर त्यांना हेच शोधायचं असतं. कुणी दहा संख्या घेऊन पाहतं. कुणी पाकीट काढतं: एक पाकीट, दोन पाकिटं, सहा ठिपके, निम्मे म्हणजे एक पाकीट तीन ठिपके, पाकीट गेलं, ठिपके उरले. या मुलाने पाकिटात किती आहे ते न बघता हिशेब पुरा केला, आणि बीजगणित इथेच सुरू झालं. पाकिटावर क्ष लिहायचं काम शेवटचं.

‘अ म्हणजे ॲपल’ मात्र मी वर्गात येऊ देत नाही. पाच सफरचंदं आणि तीन केळी म्हणजे ५अ + ३ब, हे समजावणं फार सोपं जातं आणि पुढे वर्षानुवर्षं नडतं. १९७०च्या दशकात लंडनच्या चेल्सी कॉलेजने मुलांच्या गणिती समजुतीचा मोठा अभ्यास केला. १९८१ साली त्यावर पुस्तक आलं. बीजगणिताचा भाग डीटमार क्यूखेमान यांचा. त्यांचा एक प्रश्न असा: निळी पेन्सिल ५ पेन्सला, लाल ६ पेन्सला, काही निळ्या आणि काही लाल मिळून ९० पेन्सला घेतल्या. निळ्या पेन्सिलींची संख्या न आणि लालची ल, तर काय लिहिता येईल? मुलं लिहितात न + ल = ९०. म्हणजे निळ्या नि लाल, झाले नव्वद. अक्षर ही पेन्सिलच झाली, पेन्सिलींची संख्या राहिलीच नाही. त्याच अभ्यासातला दुसरा प्रश्न मी दरवर्षी डाव्या पानावर घालते: अ + ब = ८, तर अ + ब + क = ? कुणी १२ लिहितं, कारण अ, ब दोघे चार-चार, तर क तरी वेगळा का असेल? कुणी ८क लिहितं, दोन्ही गोष्टी शेजारी चिकटवून. ८ + क लिहिलेल्या एका मुलीने खाली पेन्सिलीने विचारलं होतं, ‘पण हे उत्तर संपल्यासारखं वाटत नाही, मिस.’ इतकं नेमकं निदान मला शिक्षकांच्या प्रशिक्षणातही कुणी दिलं नव्हतं. मुलांना बेरजेचं चिन्ह उत्तरात राहिलेलं बघवत नाही, म्हणून ती ते मिटवून ८क करतात.

डाव्या पानावर खोडरबर वापरायचं नाही हा नियम याचसाठी आहे. चुकलेलं तसंच राहतं, शेजारी हिरव्या पेनने सुधारणा येते. शब्द आणि राशी जुळवायची कार्डंही लगेच चिकटवायची नाहीत. ‘दुप्पट करून ३ मिळवा’ आणि ‘३ मिळवून दुप्पट करा’ यांपैकी २(क्ष + ३) कुणाचं, हे शेजाऱ्याशी भांडून ठरल्यावरच डिंक.

समीकरण सोडवताना मी चिन्हाखालून उभी रेघ ओढायला लावते. ३क्ष + ५ = २०. दोन्ही बाजूंना खाली -५. मग ३क्ष = १५, दोन्ही बाजूंना ३ ने भाग, क्ष = ५, आणि ५ परत वर घालून पडताळा. तराजूचं चित्र इथवर साथ देतं. बालभारतीनेही तराजूच वापरला आहे. पण ३क्ष + ७ = १ आलं की तराजू आडवा होतो, कारण उणे वजन कुठल्या पारड्यात ठेवायचं? त्या दिवशी तराजू बाजूला ठेवून मी दोन रंगांचे तुकडे वाटते, एक अधिकचा, एक उण्याचा. जोडी जमली की शून्य. डावीकडचे सात घालवायला दोन्ही बाजूंना सात उण्याचे तुकडे ठेवायचे. उजवीकडे एक जोडी मिटून सहा उणे उरतात, तीन क्षांत वाटले की प्रत्येकी उणे दोन.

आपल्या भास्कराचार्यांकडे तर बरोबरचं चिन्हच नव्हतं. ११५० सालच्या ‘बीजगणिता’च्या रीतीने ५क्ष + ८ आणि २क्ष + २३ या बाजू एकाखाली एक मांडायच्या: या ५ रू ८, त्याखाली या २ रू २३. ‘या’ म्हणजे अव्यक्त, ‘रू’ म्हणजे नुसती संख्या. वरच्या ओळीतून खालचे ‘या’ वजा, खालच्या ओळीतून वरचे ‘रू’ वजा, उरले या ३ आणि रू १५, भागाकार ५. दुसरं-तिसरं अव्यक्त आलं तर त्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. हे मी वर्गात मांडलं तेव्हा एका नेपाळी मुलाने अक्षरं लगेच वाचली आणि तासभर तोच वर्गाचा पंडित होता.

खरी कुस्ती पालकसभेला होते. आपल्याकडचे वडील वही उलटतात, उभी रेघ आणि दोन-दोनदा लिहिलेलं -५ पाहून म्हणतात, ‘ताई, एवढं कशाला? पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, दोन ओळींत संपतं.’ खरं आहे. मीही तेच शिकले आणि घरी तेच करते. अडचण इतकीच, की घरून हा मंत्र शिकून आलेली मुलं ३क्ष = १५ मधला ३ सुद्धा चिन्ह बदलून पलीकडे नेतात आणि क्ष = १२ लिहून मोकळी होतात. त्या वडिलांना मी मुलीच्या वहीतलं तेच पान दाखवलं. तिथे १२ होतं, शेजारी तिने हिरव्या शाईत पडताळा घेतला होता, ३ × १२ = ३६, आणि खाली लिहिलं होतं की ३ इथे मिळवलेला नाहीच, त्याने गुणलंय, म्हणून भागायचं.

त्यांनी पान दोनदा वाचलं. मग विचारलं, ‘जीसीएसईला याचे वेगळे मार्क मिळतात का?’ नाही मिळत, मी सांगितलं. रीत बरोबर असली की दोन्ही पद्धतींना सारखेच.