उपनगरातली श्रद्धा (भाग ५) : आधी घर, मग चौकशी

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या गावठाणांत उभे राहिलेले क्रूस गेल्या भागात पाहिले. साथीने गांगरलेल्या माणसांनी देवाला घातलेलं ते साकडं होतं. पुढे याच श्रद्धेला अंधेरीत हातपाय फुटले.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात या बाबतीत आडपडदा नाही. उघड्या-उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणारी श्रद्धा त्याच्या लेखी मेलेली आहे. फादर रिकार्डो या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूंनी १९६२ साली मुंबईत ‘स्नेहसदन’ सुरू केलं, ते रस्त्यावर आणि रेल्वे फलाटांवर वाढणाऱ्या मुलांसाठी. त्यांनी एकच मोठं वसतिगृह बांधायचं टाळलं. लहान लहान घरं केली. प्रत्येक घरात एक जोडपं, त्यांची स्वतःची मुलं आणि त्यांच्याच पंगतीला बाहेरून आलेली मुलं. अंधेरी हे या घरांचं मुख्य ठिकाण. मूल हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, त्याचा धर्म त्याच्याकडेच राहतो. दिवाळी, ईद आणि नाताळ एकाच छपराखाली होतात. धर्मांतराच्या संशयाने ज्यांच्या भुवया उंचावतात, त्यांनी ही घरं जरूर समजून घ्यावीत.

घर सोडून आलेलं पोर पहिल्या दिवशी बहुधा खरं नाव सांगत नाही. गाव वेगळं सांगतं. आईबाप जिवंत असूनही गेले म्हणतं. फलाटावर त्याला भेटलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एक तर हाकललेलं असतं किंवा वापरून घेतलेलं असतं, मग ते खरं सांगेल तरी कशाला? अशा मुलाला उलटतपासणी घेऊन बोलतं करता येत नाही. त्याच्यापुढे ताट येतं, झोपायला जागा मिळते, आणि खरं नाव कधीतरी जेवताजेवता बाहेर पडतं. काही मुलं पुन्हा पळतातही. ती परतली की त्यांना पुन्हा घरात घ्यायचं, हे बोलायला सोपं आणि करायला फार जड आहे. आज बाल न्याय कायद्यानुसार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. हे बंधन हवंच, नाहीतर मुलांचा बाजार मांडणाऱ्यांना रान मोकळं मिळेल. पण कागद पुरे झाले म्हणून मुलाची भीती जात नाही. ती घालवणं त्या घरातल्या आईबाबांच्या हातात असतं.

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवरची गोष्ट याहून जुनी. सेंट कॅथरिन्स होममध्ये अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या मदर ॲना हुबेर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन धर्मभगिनीने १९४२ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ स्थापन केला. त्याचं मुख्य घर ‘श्रद्धा विहार’. या सिस्टर पुढे कुष्ठरुग्णांपर्यंत आणि एचआयव्हीबाधित मुलांपर्यंत गेल्या. सेंट कॅथरिन्समधल्या मुलांची हकिकत १९५९ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरी रोझी गोलमान या धर्मशिक्षिकेच्या वाचनात आली. तिने मदत गोळा करायला सुरुवात केली. १९६७ मध्ये तिने जी संस्था नोंदवली तिचं नाव ‘अंधेरी-हिल्फे’, म्हणजे अंधेरी-मदत! आपल्या लोकलच्या इंडिकेटरवरचं नाव तिकडे ऱ्हाइनकाठी एका संस्थेच्या पाटीवर लागलं.

गोलमानबाईंचा मोठेपणा मात्र पुढच्या पावलात आहे. एका मुलामागे दुसरं मूल दाराशी येतच राहिलं, तेव्हा ही मुलं मुळात इथवर का येतात, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. म्हणून अनाथालयाच्या मदतीवर न थांबता संस्था खेड्यांतल्या गरिबीकडे वळली, लोकांनी आपल्या पायांवर उभं राहावं यासाठी कामं उभारू लागली. बांगलादेशात तिच्या मदतीने झालेल्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली.

असं फळ दिसतं तिथे हुरूप टिकतो. वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, तोही आधार नाही. टाटा रुग्णालयातले कर्करोग शल्यविशारद डॉ. लुसितो डिसोझा यांनी १९८६ मध्ये तिथे ‘शांती अवेदना सदन’ उघडलं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस. उपचारांनी बरं होण्याची आशा संपलेले रुग्ण इथे येतात, होली क्रॉसच्या सिस्टर त्यांची शुश्रूषा करतात, आणि पैसे घेतले जात नाहीत. जखम धुणं, कूस बदलणं, वेळेवर वेदनाशामक देणं, रात्री घरच्यांशी बोलत बसणं, हेच इथलं काम. रुग्ण बरा होऊन घरी गेल्याचा आनंद या सिस्टरांच्या वाट्याला येत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढच्या खाटेपाशी उभ्या असतात.

पुढच्या भागात वैतरणेच्या अलीकडे, वसईत : तिथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले होते.