सारखे दिसतात, म्हणून सारखे जगतात?

कोकणात सुकतीच्या वेळी खडकांवरून अनवाणी चाललं की पायांना टोचतो तो पांढुरका, खडबडीत थर बहुतेकांना शिंपल्यांचा वाटतो. पण त्यात बार्नकलही असतात, आणि ते शिंपल्यांचे नव्हे, कोळंबी-खेकड्यांचे नातलग. बार्नकलचं पिल्लू आधी पाण्यात पोहतं, मग जागा निवडून डोकं खडकाला चिकटवतं, भोवती चुन्याचं कवच उभारतं आणि पुढचं सगळं आयुष्य पिसांसारखे पाय बाहेर काढून अन्न गोळा करतं. एकदा चिकटलं की हलणं नाही. म्हणूनच दिसायला सारख्या, नात्याने जवळच्या सागरी जाती एकत्र कशा टिकतात हे समजून घ्यायला बार्नकल फार उपयोगी पडले.

जो जीव जिथे आढळतो तीच त्याच्या आवडीची जागा, हा यातला सर्वांत पक्का गैरसमज. स्कॉटलंडच्या कंब्रे बेटाजवळच्या खडकांवर दोन जातींचे बार्नकल राहतात. वरच्या पट्ट्यात लहानखुरा थॅमलस, खालच्या पट्ट्यात मोठा बॅलॅनस. एकाला कोरडं मानवतं, दुसऱ्याला ओलं, असं कुणीही म्हणेल. जोसेफ कॉनेल या अमेरिकी संशोधकाने तेवढ्यावर समाधान मानलं नाही. थॅमलस बसलेले दगड त्याने खालच्या पट्ट्यात नेऊन पक्के बसवले. प्रत्येक बार्नकलची जागा काच ठेवून टिपून घेतली. मग दगडाच्या अर्ध्या भागावर, थॅमलसला खेटून वाढणारा प्रत्येक बॅलॅनस सुईने काढून टाकला आणि उरलेला अर्धा भाग तसाच राहू दिला.

जिथे बॅलॅनस नव्हता तिथे थॅमलस अगदी खालपर्यंत मजेत जगला. पाणी त्याला मुळीच वर्ज्य नव्हतं. दुसऱ्या अर्ध्या भागावर बहुतेक मेले. झपाट्याने वाढणारा बॅलॅनस थॅमलसवर चढून त्याला झाकून टाकतो, बाजूंनी दाबून चिरडतो, नाहीतर कवचाच्या कडेखाली घुसून त्याला खडकावरून उचकटून काढतो. जे थोडे तगले ते खुरटे राहिले आणि त्यांना पिल्लंही कमी झाली. हे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा पट्टा थॅमलसने निवडलेला नाही; तो त्याच्या वाट्याला उरला आहे.

मग बॅलॅनस वर का चढत नाही? भांगाच्या दिवसांत भरतीचं पाणी वरच्या खडकापर्यंत पोहोचतच नाही. त्यातच कडक ऊन पडलं की बॅलॅनस सुकून मरतो, थॅमलस सोसतो. वरची हद्द सोसण्यावर ठरते, खालची शेजाऱ्यावर. या सहजीवनाला सलोखा म्हणणं मला पटत नाही. तिथे रोज झटापट चालू असते, फक्त ती बघायला सुई आणि चिकाटी लागते.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा आहे: सारख्या दोन जाती एकत्र आल्या की एक दुसरीला संपवणारच. रशियन संशोधक गॉज यांनी पॅरामिशियम या सूक्ष्मजीवाच्या दोन जाती एका नळीत वाढवल्या, तेव्हा एक खरोखरच नाहीशी झाली. पण तिसऱ्या एका जातीबरोबर हीच हरलेली जात टिकली, कारण दोघींनी नळीतले वेगवेगळे थर धरले. हवाई बेटांवर ॲलन कोन यांना एकाच किनाऱ्यावर शंकूच्या आकाराच्या विषारी शंखांच्या कितीतरी जाती सापडल्या. १९५९ मधल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्यांचं भक्ष्य मात्र बरंच वेगवेगळं होतं.

आणि दिसण्याचं काय? मासळी बाजारात पापलेटशेजारी ठेवलेला हलवा त्याचा भाऊ वाटतो, पण तो वेगळ्याच कुळातला. उलट, ब्रिटनच्या किनाऱ्यांवर ज्याला सगळे एकच थॅमलस समजत होते, त्यात दोन जाती असल्याचं ॲलन साउथवर्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं. कवचाच्या तोंडाकडे बारकाईने पाहावं लागतं: एकाचं पतंगासारखं कोनदार, दुसऱ्याचं लंबगोल. कोनदार तोंडाचा साधारणपणे खडकावर अधिक वर आणि आडोशाच्या खाडीत भेटतो, लंबगोल तोंडाचा त्याच्या खाली, लाटा थेट आदळतात अशा टोकांवर. एक जात समजून पाहिलं की ही विभागणी दिसतच नाही.

शिकारी आला की विविधता घटते, हेही सरसकट खरं नाही. कंब्रेच्या खडकांवर बॅलॅनसला खाणारी गोगलगाय आहे. ती त्याला खाते तेव्हा गर्दी विरळ होते आणि उरलेल्यांची आपसातली दाटी कमी होते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी एका पट्ट्यातले तारामासे सतत काढून टाकले. तिथल्या १५ जातींच्या ८ झाल्या, कारण तारामाशांचा धाक सुटल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापत नेला.

राहिला एक समज: या हद्दी एकदा ठरल्या की ठरल्या. बॅलॅनस थंड पाण्याचा, थॅमलस उबदार पाण्याचा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर दोघे एकाच खडकावर असतात, आणि तिथल्या अनेक दशकांच्या नोंदींत थंड वर्षांनंतर बॅलॅनस वाढलेला दिसतो, उबदार वर्षांनंतर थॅमलस. समुद्र तापत राहिला तर बॅलॅनसची नवी पिल्लं कमी तगतात, आणि खालच्या पट्ट्यातही थॅमलसला जागा मोकळी होऊ लागते.