'प्रो प्लेअर' व्हायचंय म्हणणारी मुलं

दहावीचा निकाल लागला की पेण-रोह्याच्या घरांत 'पुढे काय?' सुरू होतं. आयटीआय, धाटावच्या कारखान्यात अप्रेंटिस, नाहीतर मामूंकडून आखातातला व्हिसा. हल्ली काही मुलं वेगळंच उत्तर देतात, "मी प्रो प्लेअर होणार." अम्मीला ते मोबाइल न सोडण्याचं निमित्त वाटतं. तरीही मुलाला गप्प करण्याआधी हा व्यवसाय कसा चालतो ते समजून घ्यायला हवं.

या मुलांच्या तोंडी नेहमी येणारं नाव म्हणजे 'टीम सोल'. नमन माथुर ऊर्फ 'मॉर्टल' याच्या या संघाने मार्च 2019 मध्ये हैदराबादला पबजी मोबाइलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि 30 लाखांचं बक्षीस मिळवलं. पुढे माथुर, अनिमेष अग्रवाल आणि लोकेश जैन यांनी मिळून 'एस-एट-यूएल' ही संस्था उभी केली. अशा संस्था खेळाडूंना करारावर घेतात. चौघांचा संघ, त्यातला एक कप्तान, सोबत प्रशिक्षक आणि सामन्यांचा अभ्यास करणारा माणूस असतो. सराव रोज तासन्‌तास चालतो.

आपली मुलं इथे एक गोष्ट विसरतात. बक्षिसं रोज मिळत नाहीत. संस्थेचं घर मुख्यतः यूट्यूब आणि जाहिरातींवर चालतं. 'एस-एट-यूएल'ला 2022 साली जो आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोसुद्धा खेळासाठी नव्हता, व्हिडिओ आणि मनोरंजनासाठी होता. म्हणजे नेमबाजी येऊन भागत नाही, कॅमेऱ्यासमोर लोकांना बांधून ठेवावं लागतं. मागच्या बाकावर बसून 'हजर' म्हणायला लाजणारा मुलगा हे करील का, असा प्रश्न मला शिक्षक म्हणून पडतो.

शिवाय इथे खेळाचा मालक एक कंपनी असते. क्रिकेट कुणी बंद करू शकत नाही. पबजी मात्र 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारी आदेशाने बंद झाला. त्याच्या जागी आलेला बीजीएमआयही जुलै 2022 मध्ये हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. मधले दहा महिने ज्यांची रोजी यावर होती त्यांचं काय झालं असेल!

सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने ईस्पोर्ट्सला उत्तेजन दिलं आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. आपल्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे. जुगार आपल्याकडे हराम आहे, यावर दुमत नाही. पण तो आता पत्त्यांच्या अड्ड्यावर शोधून सापडत नाही. पोरं पन्नास-शंभर रुपये भरून 'कस्टम रूम'मध्ये उतरतात, जमलेली रक्कम जिंकणाऱ्याला मिळते, आणि घरी सांगतात, "टुर्नामेंट होती." आयोजकाने बाहेरून आणलेलं बक्षीस वेगळं आणि खेळणाऱ्यांच्याच खिशातून गोळा केलेलं वेगळं. मुलाला हे पटवून द्या, तो समजतो. शंका राहिलीच तर मशिदीतल्या मौलानासाहेबांना विचारा, पण त्यांना आधी 'रूम' म्हणजे काय ते नीट सांगावं लागेल.

जुगार नसला तरी वेळेचा प्रश्न उरतोच. अठरा वर्षांखालच्यांना बीजीएमआयनेच दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे आणि पालकांची संमती लागते. मुलं वय वाढवून सांगतात, नाहीतर अम्मीच्या फोनवर आलेला ओटीपी तिला न विचारता टाकतात. मग फजर जाते आणि पहिल्या तासाला वर्गात डुलक्या सुरू होतात.

खेळाच्या भोवती इतरही कामं आहेत. सामन्यांचं समालोचन, व्हिडिओचं संपादन, स्पर्धेचं आयोजन. उर्दू आणि मराठी दोन्ही सफाईने बोलणाऱ्या मुलाला यातलं काही जमू शकतं, आणि ते शिकताना बारावी सोडावी लागत नाही. तोवर महिन्यातून एकदा त्याच्यासोबत बसून यूपीआयचा हिशेब पाहा. पन्नास-पन्नास रुपये कुणाला गेले, ते त्यालाच वाचून दाखवायला सांगा.