शिवनेरीचा शुक्रवार

जुन्नरच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ते दरवर्षी घरच्या कॉम्प्युटरवर कुटुंबापुरतं कॅलेंडर तयार करतात. त्यात मुलांचे वाढदिवस, आईची पुण्यतिथी, गावची यात्रा, संकष्ट्या असं सगळं असतं. बारा पानं छापायची, स्पायरल करून घ्यायची आणि भावंडांना द्यायची, असा शिरस्ता. यंदा फेब्रुवारीच्या पानावर त्यांनी शिवनेरीचा फोटो टाकला आणि खाली शिवजन्माची तारीख वारासकट लिहायची ठरवली. १९ फेब्रुवारी १६३० ला कोणता वार होता, असं कॉम्प्युटरला विचारलं, तर उत्तर आलं मंगळवार. पुस्तकात मात्र शुक्रवार. खरं काय?

खरा शुक्रवार. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यात सापडलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शकावलीत शिवजन्माची नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. १९ फेब्रुवारी ही तारीख त्या नोंदीत नाही, ती नंतर गणिताने काढलेली आहे, आणि काढली आहे ज्युलियन पद्धतीने. सुरतेच्या वखारीतले इंग्रज तेव्हा हीच पद्धत वापरत आणि शिवकाळाच्या तारखा आपले इतिहासकार आजही तिच्यातच देतात. पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळून कालगणना सुधारली. पोर्तुगीजांनी ती लगेच स्वीकारली, इंग्रजांनी थेट १७५२ मध्ये. त्यामुळे शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला त्या दिवशी सुरतेच्या वखारीत १९ फेब्रुवारी होती, तर गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरात १ मार्च. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच. वाराची साखळी कोणत्याही पोपने तोडलेली नाही.

आजचे बहुतेक प्रोग्रॅम नवी पद्धत सरसकट मागे ताणतात. ती अस्तित्वात नव्हती त्या काळालाही ते ती लावतात. म्हणून त्यांची १९ फेब्रुवारी खऱ्या दिवसाच्या दहा दिवस आधी पडते आणि मंगळवार येतो. एक्सेलचं वेगळंच. १९०० च्या आधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, तो ती साधा मजकूर म्हणून ठेवून देतो. लिनक्सवरची ‘कॅल’ ही छोटीशी आज्ञा मात्र इंग्रजांचं १७५२ हे वर्ष धरून चालते. तिच्याकडून फेब्रुवारी १६३० मागवा, १९ तारखेखाली शुक्रवार दिसेल.

हे कुणाच्या शब्दावर मानायची गरज नाही, घरीच पडताळता येतं. ६ जानेवारी २००० रोजी भारतीय वेळेनुसार रात्री पावणेबाराच्या सुमारास अमावास्या संपली. नव्या पद्धतीच्या १ मार्च १६३० च्या संध्याकाळी साडेपाचपासून त्या क्षणापर्यंत १,३५,०८५.२६ दिवस होतात. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०५८८ दिवस. भागाकार येतो ४५७४.४१८. म्हणजे त्या संध्याकाळी पुढच्या अमावास्येला ०.४१८ महिना उरला होता आणि ०.५८२ महिना सरला होता. त्याला तीसने गुणा, साडेसतरा येतात. सतरा तिथ्या संपून अठरावी चालू होती. पंधरा शुद्ध पक्षाच्या सोडल्या की अठरावी तिथी म्हणजे वद्य तृतीया. जवळपास चारशे वर्षांपूर्वीच्या दिवसाची नोंदवलेली तिथी एका भागाकारात जुळते, याचा मला प्रत्येक वेळी तितकाच आनंद होतो.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा अशी तारीख काढायची सोय एका मराठी शिक्षकाने करून ठेवली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, कोकणातल्या मुरूडचे. शिलालेखावरची किंवा जुन्या कागदावरची शक-तिथी इंग्रजी तारखेत कशी बदलायची, याच्या कोष्टकांचा ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनहून निघाला. त्यावर रॉबर्ट सेवेल या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याचं नाव आधी आणि दीक्षितांचं नंतर आहे. त्याच वर्षी भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा मराठी इतिहासही प्रसिद्ध झाला. १८९८ मध्ये ते गेले. देशभरच्या इतिहास संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती कोष्टकं वापरली, पण पंचांगगणिताविषयी बोलताना दीक्षितांचं नाव आज किती जण घेतात? एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या कोष्टकांवर प्रकल्प झालेला बघायला मला फार आवडेल.

त्यांच्याही पावणेचार शतकं आधी होऊन गेले गणेश दैवज्ञ, कोकणातल्या नांदगावचे. कॉम्प्युटरवर कॅलेंडर करणाऱ्याने तर त्यांची ओळख करून घ्यायलाच हवी. एक्सेलमध्ये तारखेच्या चौकटीचा प्रकार बदलून ‘नंबर’ करून पाहा. १ जानेवारी २०२६ च्या जागी ४६०२३ दिसेल. आतमध्ये तारीख नसतेच. १ जानेवारी १९०० ला एक धरून तेव्हापासून मोजलेले दिवस असतात. (त्यातही एक दिवस जास्तीचा आहे. १९०० हे लीप वर्ष नसताना लोटस या जुन्या प्रोग्रॅमने ते तसं मानलं आणि जुन्या फायली बिघडू नयेत म्हणून एक्सेलने ती चूक तशीच ठेवली.) नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिथे ज्या पल्सार ताऱ्यांचे वेध घेतले जातात त्यांच्या अभ्यासकांचीही अशीच दिवसगणती सुरू होते १७ नोव्हेंबर १८५८ पासून. तिच्यात २०२६ चा पहिला दिवस ६१०४१ वा.

आपल्या ज्योतिषांनी या मोजणीला अहर्गण म्हटलं. कलियुगाच्या आरंभापासून मोजला तर आज तो १८ लाख ७२ हजारांच्या पुढे जातो. एवढ्या मोठ्या आकड्याला ग्रहाच्या गतीने गुणायचं, तेही धूळपाटीवर! गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिताना दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे आरंभ आपल्याच काळात आणला आणि दिवसांचे ११ वर्षांचे गट पाडले. एका गटात ४०१६ दिवस. पूर्ण झालेले गट वेगळे मोजायचे, उरलेले दिवस वेगळे, म्हणजे दिवसांचा आकडा कधीच ४०१६ च्या वर जात नाही. दुसरी गोष्ट त्याहून धाडसाची. त्यांनी ग्रहगणितातून ज्या, म्हणजे आपली ‘साइन’, हद्दपार केली आणि तिच्या जागी साधे गुणाकार-भागाकार बसवले. कमी मेमरीच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिणारा आजही हेच करतो. शिवजन्माच्या काळात गावोगावचे जोशी ग्रहलाघवावरून पंचांग करत होते आणि पुढेही कित्येक पिढ्या करत राहिले.

आता संकष्टी. लेण्याद्री आणि ओझर, अष्टविनायकांतले दोन जुन्नर तालुक्यातच, तेव्हा इथल्या घरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ हवीच. भिंतीवरच्या छापील कॅलेंडरात ती बहुधा मुंबईची असते. जुन्नर मुंबईच्या एक अंश पूर्वेला आहे, म्हणून इथे चंद्र साधारण चार मिनिटं आधी उगवतो. नागपूरला हाच फरक पंचवीस मिनिटांच्या आसपास जातो. चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी संकष्टी, असा नियम असल्याने तिथी ऐन त्या वेळेस बदलत असेल तर क्वचित दोन शहरांत दिवसही वेगळा येऊ शकतो. जुन्नर आणि शेजारचं मंचर यांच्यात मात्र काही सेकंदांचाच फरक, एकच वेळ दोन्हीकडे चालेल. पण गणित क्षितिज सपाट धरतं. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला डोंगराच्या कुशीतली गावं आहेत. तिथे पूर्वेला पाच अंश उंचीचा डोंगर आडवा आला तर चंद्र दिसायला वीसेक मिनिटं उशीर होतो. हे कोणतंही अॅप सांगणार नाही, गावातली माणसंच सांगतील. जे अॅप गाव न विचारताच मिनिटापर्यंत अचूक वेळ सांगतं, त्यावर तर मुळीच विसंबू नये.

वर केलेला सरासरीचा भागाकार इतिहासातली तारीख तपासायला पुरतो, उपासाचा दिवस ठरवायला नाही. खरा चंद्र कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो. तिथी कधी १९ तासांत संपते, कधी २६ तास चालते, आणि सरासरीने काढलेली तिथी अर्ध्या दिवसानेही चुकू शकते. म्हणून तिथ्या कोलकात्याच्या पोझिशनल अॅस्ट्रॉनॉमी सेंटरच्या राष्ट्रीय पंचांगावरून किंवा घरात चालत आलेल्या पंचांगावरून घ्याव्यात आणि चंद्रोदय आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून काढावा. २०२६ साठी एक खबरदारी: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. तिथीने येणाऱ्या यात्रा आणि पुण्यतिथ्या एरवी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतात. यंदा ज्येष्ठापासून पुढच्या सगळ्या एकोणीसेक दिवस पलीकडे जातील. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये नुसतं साल बदलून छापलं तर वर्षभरातल्या सगळ्या तिथ्या चुकतील.

आणि एक विनंती. घरच्या कॅलेंडरवर बाळाचा जन्म, लग्न, विहिरीला पाणी लागलं तो दिवस, असं जे काही नोंदवाल तिथे नुसती तारीख लिहू नका. वार लिहा, तिथी लिहा, गावाचं नाव लिहा. जेध्यांच्या शकावलीत वार लिहून ठेवलेला होता, म्हणूनच कॉम्प्युटरचा मंगळवार आज आपल्याला तपासता आला.