पाजताना दुखते, ते ‘दुखणारच’ म्हणून सोडू नका

बाळंतपणाला एकोणीस दिवस झाले होते. पहिलटकरीण, माहेरी आलेली. बाळाचे वजन करायला म्हणून आईला घेऊन ओपीडीत आली होती. वजन छान वाढले होते. निघता निघता तिची आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, ही पाजायला घेते ना, तेव्हा पायाची बोटं आवळून धरते.’’ मुलगी गप्पच. विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘सगळ्यांनाच दुखतं ना?’’ तपासले, तर दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडलेल्या आणि एका बाजूने रक्त येत होते. दहा दिवसांपूर्वी तिने एका दवाखान्यात हे सांगितले होते. तिथे मलम मिळाले आणि ‘होईल सवय’ असा दिलासा. ती बाळाला अंगावर कशी घेते, हे मात्र कोणी पाहिलेच नव्हते.

हा काही त्या एका डॉक्टरचा दोष नाही. बाळंतीण घरी गेली की तिच्या छातीचे दुखणे नक्की कोणी बघायचे, हे आपल्याकडे ठरलेलेच नसते. स्त्रीरोगतज्ज्ञ टाके बघतात, बालरोगतज्ज्ञ बाळाचे वजन बघतात. वजन वाढतेय म्हणजे सगळे ठीक, असे धरले जाते. आई दात-ओठ खाऊन पाजत असली तरी काटा पुढे सरकतोच.

पहिल्या काही दिवसांत बाळाने तोंड लावल्यावर क्षणभर कळ येते आणि ओसरते, तेवढे चालते. पण पाजून होईपर्यंत दुखत राहणे, चिरा पडणे, पुढच्या वेळेची धास्ती वाटणे, यातले काहीही झाले तर कारण शोधायलाच हवे. सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे बाळाची पकड. बाळाच्या तोंडात नुसते स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा. त्याची हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. पाजून झाल्यावर स्तनाग्र नव्या लिपस्टिकच्या टोकासारखे तिरपे, चेपलेले दिसले, तर पकड चुकते आहे असे समजा. अशा वेळी कितीही मलम लावले तरी दर दोन-तीन तासांनी जखम पुन्हा उघडतेच. काही बाळांची जीभ खालून आखडलेली असते. ते तोंडात बघितल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक दुखणे हमखास चुकीचे ओळखले जाते. पाजून झाल्यावर स्तनाग्र पांढरेफटक पडते, मग निळसर किंवा लाल होते आणि आग होते. थंडीत, एसीत ते वाढते. हे रक्तवाहिन्या आकसल्याने होते. पण बुरशी समजून मलमांवर मलमे दिली जातात. इथे ऊब आणि नीट पकड उपयोगी पडते, गरज पडल्यास डॉक्टर निफेडिपिन देतात. ओपीडीत पोहोचेपर्यंत रंग पूर्ववत झालेला असतो, म्हणून घरीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

दूध साकळणे, म्हणजे स्तनाचा एखादा भाग लाल, कडक, गरम होणे आणि त्यासोबत ताप, हुडहुडी. यावरचा सल्ला अलीकडे बदलला आहे. पूर्वी गरम शेक, जोरात चोळणे, पंपाने स्तन पूर्ण रिकामा करणे असे सांगत. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ने 2022 मध्ये सुधारित मार्गदर्शन दिले. त्यानुसार जोरात चोळल्याने सूज वाढते आणि जास्तीचे दूध काढत राहिल्याने आणखी दूध तयार होते. म्हणून थंड शेक द्यावा, बाळ मागेल तेव्हा नेहमीसारखे पाजावे आणि सूज उतरू द्यावी. शेगडीपाशी बसलेल्या आजीला हे पटवणे सोपे नाही, मला माहीत आहे. तिच्या काळात तिने जे पाहिले तेच ती सांगते. पण चोळून गाठ ‘फोडण्याचा’ प्रयत्न मात्र करू देऊ नका.

ताप आणि लाली 24 तासांत कमी झाली नाही, किंवा तब्येत जास्तच बिघडली, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. अँटिबायोटिक लागू शकते आणि पाजताना चालणारी अँटिबायोटिक उपलब्ध आहेत. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनही सहसा चालतात. आम्लपित्त, किडनी किंवा दम्याचा त्रास असेल तर मात्र आधी सांगा. कोडीन आणि ट्रॅमाडॉल टाळा. पाजणाऱ्या आईने ही औषधे घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला आहे. आपल्याकडे कोडीन खोकल्याच्या काही सिरपमध्ये असते, तर ट्रॅमाडॉल वेदनाशामक गोळ्यांत सर्रास असते. त्यामुळे घरात पडलेली पट्टी उघडून गोळी घेऊ नका.

गाठ मऊ न होता तशीच राहिली, तर सोनोग्राफी करून घ्या. आत पू झाला असेल तर बऱ्याचदा तो सुईने काढता येतो, दरवेळी मोठी चीर द्यावी लागत नाही. आणि उपचारानंतरही न जाणारी गाठ किंवा लाली ‘दुधाचीच असेल’ म्हणून महिनोन् महिने अंगावर काढू नये. पाजणाऱ्या स्त्रीलाही स्तनाचा कर्करोग होऊ शकतो.

‘पाजणे बंद करा’ हा सल्ला घाईघाईने दिला जातो. एकदम बंद केल्याने दूध तुंबून दुखणे वाढते. सूज असलेल्या स्तनाचे दूध निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला बाधत नाही. स्तनावर नागिणीसारखे पाण्याचे फोड आले असतील, तर मात्र त्या बाजूने पाजू नका आणि त्याच दिवशी दाखवा. इतर वेळी असा सल्ला मिळाला, तर ‘का, आणि किती दिवस?’ असे विचारा.

डॉक्टरांकडे बाळाला घेऊन जा, शक्य तर पाजायची वेळ होत आलेली असताना. ‘मी पाजते, तुम्ही बघाल का?’ असे थेट म्हणा, पडदा मागा. तोंड लावताना दुखते, पूर्ण वेळ दुखते की नंतर, एका बाजूला की दोन्ही, थर्मामीटरवर ताप किती, पंप वापरता का, हे कागदावर लिहून न्या. बोलायला संकोच वाटत असेल तर नवऱ्याने किंवा आईने कागद पुढे करावा. आशाताई घरी येत असतील, तर त्यांच्यासमोर एकदा पाजा. रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात.

त्या पहिलटकरणीला आम्ही उशी बदलून, बाळाला तिच्या पोटाशी सरळ धरून पाजायला बसवले. चौथ्या प्रयत्नाला पकड जमली. चिरा भरायला आठवडा लागला. त्या आठवड्यात दुखऱ्या बाजूचे दूध तिने हाताने काढून वाटी-चमच्याने पाजले.