बेने इस्राएलांचे शिरोवेष्टन

जुन्या छायाचित्रांचा व पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या सोलापुरातील एका स्नेह्यांनी मध्यंतरी आम्हांस विचारले की, पागोटे बांधलेला गृहस्थ यहुदी असू शकेल काय? यहुदी म्हणजे लहानशी वाटोळी टोपी घालणारा, अशी त्यांची समजूत. ह्या समजुतीमुळे एका जुन्या महाराष्ट्रीय समाजाची चित्रे भलत्याच नोंदीखाली पडून राहतात. म्हणून ह्या विषयाचा थोडक्यात विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम शास्त्र पाहू. सर्व पुरुषांनी मस्तक झाकावे अशी आज्ञा मोशेच्या पंचग्रंथात नाही. निर्गमाच्या 28व्या अध्यायात शिरोवेष्टने सांगितली आहेत ती केवळ याजकांची होत. सामान्य जनांची चाल पुढची आहे. येहोशुआपुत्र हूना हा पंडित उघड्या मस्तकाने चार हातसुद्धा चालत नसे, कारण ईश्वराचे सान्निध्य, ज्यास ‘शेखीना’ म्हणतात, ते आपल्या मस्तकावर आहे असे तो मानी. ही गोष्ट बाबिलोनी ताल्मूदात आली आहे. 16व्या शतकात योसेफ कारो याने आपल्या ‘शुल्हान आरूख’ ह्या आचारग्रंथात हीच मर्यादा घातली. म्हणजे जे एका विद्वानाचे व्रत, तेच कालांतराने सर्वांचा आचार झाले. मात्र आच्छादनाचा आकार ठरलेला नाही. ‘किप्पा’ ह्या शब्दाचा अर्थ घुमट. पण किप्पाऐवजी पागोटे असले तरी नियम पाळला जातोच. विवाहित स्त्रियांनी केस झाकावे हा नियम ताल्मूदकारांनी गणना ग्रंथाच्या 5व्या अध्यायावरून काढला आहे.

आता कोकणाकडे वळू. कुलाबा (सांप्रतचा रायगड) जिल्ह्यातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची किहीमकर, पेणकर, नवगावकर इत्यादी आडनावे गावांवरून पडलेली आहेत. पुरुषांच्या डोक्यास पागोटे, स्त्रियांच्या अंगावर लुगडे व गळ्यात मंगळसूत्र. दावीद राहाबी याने ह्या लोकांस यहुदी म्हणून कसे ओळखले, याविषयी त्यांची परंपरा अशी की, त्याने स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेविली व त्यांनी पर आणि खवले असलेलीच तेवढी निवडून घेतली. परीक्षा मासळीची झाली, पागोट्याची नव्हे. आणि ते साहजिकच होते. ज्या देशी बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे अशिष्ट मानीत, तेथे झाकलेले मस्तक काय सांगणार?

मग भेद कोठे दिसतो? आमच्या मते तो पागोट्याच्या घाटात नसून त्याच्या वेळेत आहे. मनुस्मृतीच्या 3ऱ्या अध्यायात, श्राद्धप्रकरणी, मस्तक वेष्टून खाल्लेले अन्न राक्षसांस जाते असे सांगितले आहे. ब्राह्मणी आचारात पगडी खुंटीस ठेवून सोवळे नेसावयाचे व मगच पाटावर बसावयाचे. उलटपक्षी यहुदी मनुष्य अन्नावर आशीर्वचन म्हणताना व प्रार्थनेस उभा राहताना मस्तक आवर्जून झाकतो. एकाचे पागोटे ज्या क्षणी खुंटीवर जाते, त्याच क्षणी दुसऱ्याचे डोक्यावर असावे लागते. एकाचा उद्देश शुचित्व, दुसऱ्याचा ईश्वरभय. मुसलमानही नमाजाच्या वेळी डोके झाकतात. तेव्हा एवढ्याच गमकावर निर्णय करू नये, हिब्रू अक्षरे व घराण्याची नावे यांची जोड पाहावी.

पुण्यास 1874 साली छापलेल्या सचित्र हगादेत हिब्रू मूळ व मराठी भाषांतर आहे आणि चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया आहेत. अशी साधने दुर्मिळ होत चालली आहेत. 1948 नंतर ह्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात गेली. येथे जे मागे राहिले त्याचा अर्थ सांगणारी माणसे थोडी उरली. म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच की, केवळ पागोटे पाहून चित्रावर जात अथवा धर्म लिहू नये. प्रसंग कोणता, हाती ग्रंथ कोणता, चित्र कोणत्या गावाहून व कोणत्या घरातून आले, हे आधी टिपून ठेवावे. एकदा लिहिलेली चुकीची नोंद पुढील दहा अभ्यासक प्रमाण मानतात.