सक्ती आणि खजिना

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळापुढे प्राथमिक शिक्षणाचे जे बिल मांडले, ते वाचणाऱ्यास त्यातील तळमळीपेक्षा हिशेबीपणाच अधिक जाणवतो. जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच एका ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल तेथेच, तेही म्युनिसिपालिटीची किंवा लोकल बोर्डाची तशी इच्छा असून सरकारची मंजुरी मिळाली तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर शिक्षणाची सक्ती करता यावी. ज्या पालकाची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून कमी त्याच्याकडून फी घेऊ नये. आणि खर्चाचे दोन तृतीयांश सरकारने व एक तृतीयांश स्थानिक संस्थेने सोसावे, अशी ती माफक योजना होती. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ती १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली. लोकांची मागणी नाही, काळ अनुकूल नाही, अशी कारणे पुष्कळ सांगण्यात आली. पण सरकारला खरी अडचण त्या दोन तृतीयांशाचीच असावी, असे मानण्यास जागा आहे.

ब्रिटिश मुलखात जे अशक्य ठरले ते संस्थानांत झाले. गोखल्यांनी ज्याचा दाखला दिला त्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पासूनच राज्यभर सक्ती लागू केली होती, आणि करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून, मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दंडही ठेवला. कर बसविणारा, तो खर्च करणारा आणि हुकूम काढणारा एकच असला म्हणजे कायदा किती लवकर अंमलात येतो, याचे हे उदाहरण. मात्र त्यासाठी गादीवर शाहूंसारखा पुरुष असावा लागतो, हेही तितकेच खरे.

विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात झालेला १९१८ चा कायदा, त्यानंतरचे १९२३ व १९४७ चे कायदे यांचा तपशील येथे देत नाही. माध्यमिक शिक्षणाची गोष्ट अगदी निराळी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सरकारने स्वतः शाळा काढण्याऐवजी खाजगी संस्थांना अनुदान द्यावे, असे धोरण पडले आणि महाराष्ट्रातील गावोगावची हायस्कुले त्याच आधारावर उभी राहिली. शिक्षकांचे पगार सरकार देते ते वेतन अनुदान. खडू, वीज, डागडुजी यांसाठी मिळते ते वेतनेतर अनुदान. पुढे 'कायम विनाअनुदानित' या अटीवर शाळांना मान्यता देण्याचा शोध लागला! ती अट शासनानेच २००९ मध्ये काढली. तथापि पगाराला टप्प्याटप्प्याने, २० टक्क्यांपासून, अनुदान लागू होईपर्यंत अनेक शिक्षकांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे आझाद मैदानावरील धरण्यांत गेली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. त्यांचा खर्च शासनाने द्यावयाचा. पण तो शासन स्वतःच्या शाळेत दर मुलामागे करते तो खर्च आणि त्या शाळेची प्रत्यक्ष फी यांत जी रक्कम कमी असेल तेवढाच. ही प्रतिपूर्तीही वेळेवर मिळत नाही, अशी संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून वगळणारी अधिसूचना काढली. काटकसरीचा हा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरविला.

नागरिकाकडून होणारी वसुली मात्र या वादात कधी खंडित झालेली नाही. १९६२ च्या कायद्यान्वये महानगरपालिका मालमत्ता कराच्या बिलातच राज्याचा शिक्षण कर लावतात आणि गोळा करून तो सरकारी खजिन्यात भरतात. बिलाच्या खालच्या ओळींत तो कोणासही पाहता येतो.